‘भाची आहे माझी’

ताई,

मी एका मध्यम आकाराच्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, चार वर्षं झाली. वयाने लहान आहे, तेव्हा एकेरीच बोला.

पाच महिन्यांपूर्वी रात्री साडेदहाच्या सुमाराला एक गृहस्थ चेक-इनला आले. पन्नाशीचे, कपडे नीटनेटके, बोलणं मऊ. सोबत तेरा-चौदा वर्षांची मुलगी. ओळखपत्र फक्त त्यांचं. ‘भाची आहे माझी, तिचं कार्ड घरी राहिलं,’ म्हणाले. मी मुलीला नाव विचारलं, तर उत्तर त्यांनीच दिलं. तिच्याजवळ सामान नव्हतं, पाठीला साधी सॅकसुद्धा नाही. पैसे रोख, आगाऊ. मी मॅनेजरांना फोन लावला. ते म्हणाले, ‘गेस्टच्या घरच्या भानगडीत पडायचं नाही. उद्या खरंच भाची निघाली तर वाईट रिव्ह्यू कोण निस्तरणार?’ मी चावी दिली. सकाळी माझी शिफ्ट संपायच्या आत दोघं निघून गेले. जाताना मुलीने माझ्याकडे पाहिलं, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

गेल्या महिन्यात बालहक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची माणसं ट्रेनिंगला आली. दीड तास स्लाइड, शेवटी लॉबीत लावायला स्टिकर. हॉटेलात आणलेल्या मुलाचं लैंगिक शोषण होत असल्याची लक्षणं त्यांनी वाचून दाखवायला सुरुवात केली आणि माझे हात गार पडले. एकेक लक्षण म्हणजे तीच रात्र. ट्रेनिंग संपल्यावर मॅनेजरांनी सगळ्यांचे फोटो काढून कंपनीच्या पानावर टाकले, आणि मग सगळं पूर्ववत. स्टिकर आता कुंडीमागे आहे.

मी त्या गुन्ह्यात सामील झाले का? या संस्था खरंच काही करतात, की नुसती प्रमाणपत्रं वाटतात? आणि अजून एक. आमच्या ट्रॅव्हल डेस्कवर अर्ध्या दिवसाची ‘अनाथालय भेट’ मिळते. ट्रेनिंगला आलेल्या बाईंनी ती यादीत पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. मॅनेजर म्हणतात, हे तर पुण्याचं काम. यात वाईट काय असतं?

— डेस्कमागची

डेस्कमागचे,

पहिल्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीचे दोन तू त्याच्या आडोशाला उभे केले आहेस असं मला वाटतं.

गुन्ह्यात सामील व्हायला सहसा गुन्हा माहीत असावा लागतो. तुला माहीत नव्हतं, शंका होती. काही देशांत मात्र नुसती शंका आली तरी ती कळवणं कायद्याने बंधनकारक असतं. तुझ्या इथला नियम काय, ते त्या संस्थेच्या वकिलाला विचार. कायद्याचं एवढंच. मनाचं म्हणशील तर ‘तुझी काहीच चूक नाही’ असं मी लिहिणार नाही. तुला ते पटणार नाही आणि ते ठरवण्याचा अधिकार मलाही नाही. तो माणूस खरोखर मामा असू शकतो. रात्री उशिरा मुलं पेंगुळलेली असतात, अनोळखी बाईशी बोलत नाहीत, कार्डं घरी राहतात. तसं असेल तर तू पाच महिने उगाच जळते आहेस. तसं नसेल, तर तेही बहुधा आपल्याला कळणार नाही.

पण त्या रात्रीचा क्रम एकदा नीट बघ. तुझ्या लक्षात आलं. तू मुलीला थेट विचारलंस. वर फोन केलास. यातलं एकही काम तुला कोणी शिकवलेलं नव्हतं. साखळी तुटली ती फोनच्या पलीकडे, जिथे एका माणसाला त्या क्षणी दोनच गोष्टी दिसत होत्या, भानगड आणि रिव्ह्यू. तिसरी गोष्ट त्याला दाखवणारं कुठेही काही लिहिलेलं नव्हतं. कोणाला कळवायचं, निर्णय कोण घेणार, शंका खोटी निघाली तर कर्मचाऱ्याच्या पाठीशी कोण उभं राहणार, कशाचाच पत्ता नाही. सगळा भार येऊन पडला तुझ्या धाडसावर. रात्री साडेदहाला, नोकरी पणाला लावून दाखवायच्या धाडसावर. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं, कारण या संस्था गेली पस्तीसेक वर्षं जे करू बघताहेत ते मला विचारशील तर एवढंच आहे: धाडसाच्या जागी पद्धत बसवायची.

थोडं मागे जाते. १९९० मध्ये पर्यटनाच्या दुष्परिणामांचा अभ्यास करणारी काही मंडळी थायलंडमध्ये जमली आणि आशियातल्या पर्यटनात होणारं मुलांचं लैंगिक शोषण थांबवण्यासाठी एक मोहीम सुरू झाली. मोहिमेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘एक्पॅट’ हे नाव पडलं. मोहीम तीन वर्षांची ठरली होती. आज तिचं जाळं शंभराहून अधिक देशांत आहे, यावरून प्रश्न किती चिवट निघाला ते लक्षात घे. सुरुवातीची भाषा निषेधाची होती, सरकारांना जाब विचारण्याची. तिचा उपयोगही झाला. १९९६ मध्ये स्टॉकहोमला या विषयावरची पहिली जागतिक परिषद भरली आणि १२२ देशांच्या सरकारांनी जाहीरनामा मान्य केला. ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ असं म्हणून हात झटकणं त्यानंतर थोडं अवघड झालं.

पण जाहीरनाम्याने हॉटेलच्या खोलीचं दार वाजत नाही. या मंडळींच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. घरात किंवा शेजारात मुलावर अत्याचार करणाऱ्याला आडोसा फुकट मिळतो. प्रवासात असलेल्याला तो विकत घ्यावा लागतो. तिकीट लागतं, टॅक्सी लागते, खोली लागते, कधी ‘सगळी सोय करून देतो’ म्हणणारा गाइड लागतो. म्हणजे गुन्ह्याच्या वाटेवर चार-पाच पगारी माणसं उभी असतात आणि त्यातल्या बहुतेकांचा त्या गुन्ह्याशी काडीचा संबंध नसतो. ही माणसं आपल्या बाजूला वळवता आली तर?

त्यातून १९९८ मध्ये एक्पॅटच्या स्वीडनमधल्या शाखेने, जागतिक पर्यटन संघटनेला आणि काही टूर कंपन्यांना बरोबर घेऊन, पर्यटन व्यवसायासाठी आचारसंहिता बांधली. तिला नुसतं ‘द कोड’ म्हणतात. सही करणारी कंपनी सहा गोष्टी कबूल करते. लेखी धोरण, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, पुरवठादारांबरोबरच्या करारांत एक कलम, प्रवाशांना माहिती, स्थानिक यंत्रणा आणि संस्थांना साथ, आणि दरवर्षी काय केलं याचा अहवाल. तुझ्या वाट्याला आलं ते यातलं दुसरं आणि चौथ्याचा तुकडा: दीड तासाच्या स्लाइड आणि कुंडीमागचा स्टिकर. त्यामुळे तुला हे नाटक वाटलं, यात नवल नाही.

सहांपैकी ज्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं आणि ज्याच्यात माझ्या मते सगळ्यात जास्त दम आहे, ते तिसरं. समज, एखादी टूर कंपनी हंगामात तुमच्या निम्म्या खोल्या भरते. तिच्या करारात एक ओळ आहे: तुमच्या जागेत मुलांचं शोषण झालं आणि तुम्ही त्याकडे डोळेझाक केलीत, तर करार तिथेच संपला. आता त्या रात्रीचा फोन आठव. मॅनेजरांच्या डोळ्यांसमोर रिव्ह्यूच्या शेजारी आणखी एक नुकसान उभं राहतं, त्याहून कितीतरी मोठं. माझ्या बघण्यातले बरेच व्यवस्थापक काही दुष्ट नव्हते, त्यांचा हिशेब अपुरा होता. पुण्याची भाषा ज्यांच्या कानात शिरत नाही त्यांना करारातलं कलम लगेच ऐकू येतं.

आता उणी बाजू, कारण तू ‘प्रमाणपत्रं वाटतात का’ असं थेट विचारलं आहेस. आचारसंहिता ऐच्छिक आहे. अहवाल कंपनी स्वतःच लिहिते. सही केली, फोटो झाला, पुढे कोण विचारतो, असं होऊ शकतं आणि होतं. त्यातून संस्थेला हॉटेलात पाऊल ठेवायचं तर मालकाचीच परवानगी लागते, त्यामुळे त्या मंडळींचा आवाज कधीकधी गरजेपेक्षा मवाळ राहतो. मोठ्या साखळ्या यात लवकर आल्या. अकोर या हॉटेल समूहाने २००१ मध्येच एक्पॅटबरोबर काम सुरू केलं. पण छोटे लॉज, घरगुती खोल्या, फोनवरून परस्पर भाड्याने मिळणारे फ्लॅट, जिथे डेस्कच नसतं आणि चावी कुंडीखाली ठेवलेली असते, तिथे ही आचारसंहिता पोचायला फार धाप लागते.

म्हणून काही संस्थांनी उलट टोकाने सुरुवात केली. कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये, रस्त्यावरच्या मुलांबरोबर १९९४ पासून काम करणाऱ्या फ्रेंड्स-इंटरनॅशनलने २००५ मध्ये ‘चाइल्डसेफ’ सुरू केलं. त्यांनी टुकटुक, म्हणजे तिथल्या रिक्षा, चालवणाऱ्यांना, गेस्ट हाउसवाल्यांना शिकवलं, ओळखता येईल असं चिन्ह दिलं आणि कोणत्याही वेळी फिरवता येईल असा नंबर दिला. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. कुठल्या माणसाला कुठल्या दारापाशी सोडलं आणि त्याच्याबरोबर कोण होतं, हे कंपनीच्या अध्यक्षाला कधीच कळणार नाही. ते टुकटुकवाल्याला माहीत असतं. रात्रपाळीच्या मुलीला माहीत असतं.

स्टिकरची बाजू घेऊन दोन शब्द बोलते, चालेल ना? २०१६ मध्ये या विषयावरचा मोठा जागतिक अभ्यास प्रसिद्ध झाला. गुन्हेगाराचा ठरलेला चेहरा नसतो, हा त्याचा सगळ्यात अस्वस्थ करणारा निष्कर्ष. परदेशातून त्याच हेतूने आलेला वयस्कर श्रीमंत पुरुष ही प्रतिमा फार अपुरी आहे. स्वतःच्याच देशात फिरणारे लोक यात मोठ्या संख्येने आहेत, कामानिमित्त फिरणारे आहेत, आणि ठरवून न आलेले पण संधी दिसली म्हणून हात घालणारेही पुष्कळ आहेत. या शेवटच्या जातीच्या माणसाला इथे कोणाचंतरी लक्ष आहे एवढं कळलं तरी तो कचरतो. पट्टीच्या गुन्हेगाराला स्टिकरने काही होत नाही, खरं आहे. पण त्यावरचा मदतीचा नंबर त्याच्यासाठी नसतोच. तो लिफ्टची वाट बघत उभ्या असलेल्या दुसऱ्या गेस्टसाठी असतो. तेव्हा तो कुंडीमागून काढ. लॉबीत नको म्हणाले तर लिफ्टजवळ लाव, आणि एक तुमच्या स्टाफच्या जेवणघरात.

लक्षणांच्या यादीबद्दल मात्र सावध राहा. मामा-भाची खरी निघाली तर, ही तुझ्या मॅनेजरांची भीती अगदीच पोकळ नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका विमानतळावर एका बाईंबरोबर वेगळ्या वर्णाचं मूल दिसलं, म्हणून एका नामवंत व्यक्तीने पोलिसांना कळवलं आणि मुलांची तस्करी रोखल्याचं जाहीरही करून टाकलं. पोलिसांनी सांगितलं, तसं काहीच आढळलं नव्हतं. दत्तक मुलं, दोन वंशांच्या आईबापांची मुलं, सावत्र नाती, या सगळ्यांना असल्या अर्धवट प्रशिक्षणाची झळ बसते. चांगली संस्था रंग, कपडे, भाषा यांवर बोट ठेवायला शिकवत नाही, वागण्यावर ठेवायला शिकवते. मुलाला स्वतः बोलू दिलं जात नाही. आपण कुठे आलोय हे मुलाला सांगता येत नाही. सामान नाही. रोख रक्कम आणि घाई. खोलीवर अनोळखी माणसांची ये-जा. यातलं एखादं कुठेही दिसेल. काही एकत्र दिसली की फोन. त्या रात्री तुला रंगरूप खटकलं नव्हतं, वागणं खटकलं होतं, हे तुझ्या पत्रातूनच दिसतं.

जाता जाता एक शब्दांचं. आपल्याकडे बातम्यांत अजून ‘बालवेश्या’ हा शब्द सर्रास येतो. २०१६ मध्येच अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून या क्षेत्रात कोणते शब्द वापरावेत आणि कोणते टाळावेत याची मार्गदर्शक सूची केली, लक्झेंबर्गमध्ये. त्या शब्दातून मुलाने काही विकायचं ठरवलं असा अर्थ निघतो आणि मुलाला तसं ठरवता येतच नाही. ‘शोषित मूल’ म्हटलं की वाक्यात शोषण करणारा आपोआप हजर होतो. ‘चाइल्ड सेक्स टुरिझम’ही टाळायला सांगतात, कारण त्यातून गुन्ह्याला सहलीचं रूप येतं. मला आधी हा किस काढण्याचा प्रकार वाटला होता. मग एक दिवस पोलिसांच्या नोंदीतला एक उतारा वाचला आणि शब्दामुळे मूल आरोपीसारखं कसं दिसायला लागतं ते कळलं.

कायद्यांवर थोडक्यात. मुलांची विक्री आणि लैंगिक शोषण याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांचा पूरक करार २००० मध्ये झाला. बालमजुरीच्या सगळ्यात वाईट प्रकारांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९९ चा करार २०२० मध्ये तिच्या सगळ्या सदस्य देशांनी मान्य केलेला झाला. याहून कामाची ठरली ती परदेशात केलेल्या गुन्ह्याचा खटला मायदेशी चालवण्याची सोय. जर्मनीने १९९३ मध्ये, ऑस्ट्रेलियाने १९९४ मध्ये ती केली, पुढे इतरांनी. विमानात बसलं की कायदा मागे राहिला, हा समज त्यामुळे मोडला. हे कायदे व्हावेत म्हणून पाठपुरावा केला तो अशाच संस्थांनी. पण खटला उभा राहतो तो साक्षीवर आणि नोंदीवर, आणि नोंद असते तुमच्या रजिस्टरमध्ये.

खोल्यांचे फोटोसुद्धा पुरावा होतात, हे तुला माहीत आहे का? २०१६ मध्ये अमेरिकेत ‘ट्रॅफिककॅम’ नावाचं अ‍ॅप आलं. प्रवाशांनी आपल्या हॉटेलच्या रिकाम्या खोलीचे फोटो त्यात टाकायचे. तपास करणाऱ्यांच्या हाती एखाद्या मुलाचं चित्र लागलं, तर मागचा पडदा, पलंग, भिंतीवरची तसबीर जुळवून ती खोली कुठली असेल याचा माग काढायला ते फोटो मदत करतात. गेस्टला सांगण्यासारखी गोष्ट आहे. काही न करता मदत करायची असते अशांसाठी तर उत्तमच.

आता अनाथालय. ट्रेनिंगच्या बाईंचा चेहरा का बदलला ते मला समजतं, कारण काही वर्षांपूर्वी माझा चेहरा तसाच कोणीतरी बदलवला होता. मी स्वतः अशा एका घरात खाऊ घेऊन गेले होते. एक चिमुरडी येऊन मांडीवर बसली, दहा मिनिटांत गळ्यात हात. मी ते सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरले. मुलांच्या मानसशास्त्रात काम करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं, ‘तुझ्या घरातलं चार वर्षांचं मूल अनोळखी बाईच्या मांडीवर असं जाऊन बसेल का?’ नाही. ज्या मुलांच्या आयुष्यात माणसं रोज येतात आणि रोज जातात, ती मुलं असं करायला शिकतात. ज्याला मी प्रेम समजले ती जखम होती.

हा झाला एक भाग. दुसरा भाग पैशांचा. मुलं बघायला लोक पैसे देतात म्हटलं की मुलं लागतात. मग दलाल गरीब घरांत जातात, शिक्षणाचं आमिष दाखवतात, आईबाप मेल्याची कागदपत्रं होतात. ऑस्ट्रेलियातल्या कायद्याच्या अभ्यासक केट व्हॅन डोर यांनी अशा मुलांवर लिहिताना ‘कागदी अनाथ’ हा शब्द वापरला. त्या स्वतः नेपाळमध्ये बालगृह चालवणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांपैकी. तिथल्या मुलींना घर आहे, कुटुंब आहे, हे त्यांना नंतर कळलं. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत निवासी बालगृहांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली आणि तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एकजण, हयात होते. नेपाळमध्ये बालगृहांची दाटी झाली ती पर्यटक फिरतात त्या जिल्ह्यांत. अनाथ मुलं काही प्रेक्षणीय स्थळांच्या आसपास जास्त जन्मत नाहीत. आणि अशा घरात मुलं गुटगुटीत दिसली तर देणग्या आटतात, म्हणून ती तशी दिसू न देण्यातच चालकाचा फायदा असतो. प्रत्येक बालगृह असं असतं असं मी म्हणत नाही. पण अर्ध्या दिवसाच्या भेटीत तुमच्या गेस्टला फरक कळणार नाही, आणि चांगलं चालवलेलं घर सहसा मुलांना असं बघायला ठेवतच नाही.

तिसरा भाग तुझ्या पहिल्या प्रश्नाशी थेट जाऊन भिडतो. ज्या गृहस्थाने तुझी झोप उडवली, त्याच्यासारख्या माणसाला तुमचंच ट्रॅव्हल डेस्क, कोणतीही चौकशी न करता, मुलांनी भरलेल्या घरात नेऊन सोडू शकतं. वर गाडीची सोय.

या आघाडीवर संस्थांना खरंच यश आलं आहे. फ्रेंड्स-इंटरनॅशनलने २०११ मध्ये ‘मुलं म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हेत’ अशा अर्थाची मोहीम काढली. तिच्या चित्रात मुलं संग्रहालयातल्यासारखी काचेत आहेत आणि भोवती पर्यटक कॅमेरे घेऊन. लोक चिडले, मग विचार करू लागले. २०१३ मध्ये ‘रिस्पॉन्सिबल ट्रॅव्हल’ या ब्रिटनच्या कंपनीने अनाथालयांतल्या स्वयंसेवेच्या सहली विकणं बंद केलं. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाने आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करी हा गुलामगिरीचाच प्रकार मानला. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्याचा उल्लेख आला. सात-आठ वर्षांत ‘पुण्याचं काम’ ते ‘गुलामगिरी’ हा पल्ला छोटा नाही.

तरी मॅनेजरांकडे जाऊन ‘उद्यापासून बंद करा’ म्हणू नकोस. त्या घरातल्या मुलांचं आजचं जेवण कदाचित तुमच्या गेस्टच्या देणगीवर असेल. आधी भेटी थांबवायच्या, देणगी लगेच नाही. ते घर नोंदणीकृत आहे का, मुलांच्या घरच्यांचा शोध घेतला जातो का, हे त्या ट्रेनिंगच्या संस्थेला तपासायला सांग. त्यांना हे काम येतं. मुलांना त्यांच्या घरी किंवा नातेवाइकांकडे परत नेणं आणि त्या कुटुंबांना उभं करणं, इकडे पैसा हळूहळू वळवता येतो. गेस्टना काही द्यायचंच असेल तर ते तिकडे जाऊ दे.

त्या रात्रीबद्दल आता करण्यासारखं काय आहे, तर संस्थेच्या बाईंना एकटीने फोन कर आणि जसं मला लिहिलंस तसं सगळं सांग. उशीर झाला म्हणून निरर्थक आहे असं समजू नकोस. सीसीटीव्ही बहुधा पुसला गेला असेल, पण त्या माणसाच्या ओळखपत्राची प्रत असेल, आणि त्याचं नाव इतर कुठल्या हॉटेलातून आधीच आलेलं असेल तर तुझी नोंद दुसरी ठरेल. एकटी नोंद फाइलमध्ये पडून राहते, दुसरी आली की पोलीस खुर्चीवरून उठतात. नाव गुप्त ठेवता येईल का, तेही आधीच विचार. ओळखपत्राचा फोटो स्टाफच्या ग्रुपवर टाकू नकोस. खरा मामा असेल तर तू त्याचं आयुष्य नासवशील, नसेल तर त्याला सावध करशील.

पुन्हा असं काही समोर आलं तर त्या माणसाला हटकू नकोस, मुलीला बाजूला घेऊन चौकशी करू नकोस. ते शिकलेल्या माणसांचं काम आहे, आणि चुकीच्या वेळी विचारलेल्या प्रश्नाची किंमत तीच मुलगी मोजते. वेळ, खोली, गाडीचा नंबर, जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहून ठेव आणि फोन कर. मूल त्या क्षणी धोक्यात आहे असं वाटलं तर थेट पोलीस. मॅनेजरांना विचारून नाही, कळवून.

मॅनेजरांशी बोलायचंच तर त्या रात्रीवरून भांडू नकोस. ते बचावावर उतरतील आणि पुढचं सगळं बंद होईल. एवढंच विचार, ‘सर, ट्रेनिंगमध्ये सांगितलं त्याप्रमाणे आपल्याकडे जबाबदार व्यक्ती कोण? रात्रपाळीला कोण? नाव लिहून डेस्कमागे लावू का?’ सोबत आणखी एक, की मुलाचं ओळखपत्र नसेल तर काय करायचं ते सगळ्यांसाठी एकच ठरवून घेऊ. नियम सगळ्यांना सारखा असला की खऱ्या मामाला अपमान वाटत नाही आणि तुलाही कोणावर संशय घेतल्यासारखं बोलावं लागत नाही. ‘सर, आमच्याकडे नियमच आहे,’ हे वाक्य रात्री साडेदहाला उच्चारायला किती सोपं असतं, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

आज ड्यूटीवर गेलीस की पाच महिन्यांपूर्वीचं ते रजिस्टर काढून त्या तारखेची नोंद आहे का बघ. जुनी रजिस्टरं आणि ओळखपत्रांच्या प्रती किती महिन्यांनी निकालात काढतात, तेही विचारून घे.

— ताई